मुक्तस्रोत कार्यालय आणि तालुक्यातला नवशिका : प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील घनसावंगी हा गोदावरीच्या उत्तर तीरावरचा, ऊस, कापूस आणि मोसंबी यांवर चालणारा तालुका असून तेथे संगणकावर होणारे काम बारकाईने पाहिले, तर ते बहुतांशी तीन प्रकारांत मोडते : मजकूर लिहिणे, तक्ता मांडणे आणि या दोहोंची छापील किंवा पीडीएफ प्रत काढून ती कोणाच्या तरी हवाली करणे. ग्रामसभेची नोटीस आणि इतिवृत्त, शाळेचा निकालतक्ता, सेवा सहकारी सोसायटीच्या सभासदांची यादी, बचत गटाचा जमाखर्च, पीकविम्याच्या तक्रारीचा अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर ही त्या कामाची नेहमीची रूपे होत. अशा कामांसाठी लागणाऱ्या साधनांच्या संचाला कार्यालयीन संगणकप्रणाली म्हणतात. लेखनासाठी एक, आकडेमोडीच्या तक्त्यांसाठी एक आणि सभेपुढे दाखवायच्या सादरीकरणासाठी एक असे तिचे मुख्य भाग असतात. हा संच कोणाच्या मालकीचा असावा, हा प्रश्न तालुक्याच्या गावी सहसा विचारला जात नाही, कारण संगणक घरी किंवा कार्यालयात येतो तेव्हा तो संच दुकानदाराने त्यात आधीच घालून दिलेला असतो. प्रस्तुत पुस्तक तो प्रश्न विचारते आणि ज्यांनी संगणक नुकताच हाती घेतला आहे, अशांना लिबरऑफिस या मुक्तस्रोत संचाकडे कसे नेता येईल, याची मांडणी करते.

येथे ‘नवशिका’ कोणाला म्हणायचे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पडदा कधीच न पाहिलेला माणूस आता तीर्थपुरीच्या किंवा कुंभार पिंपळगावच्या बाजारातही शोधून सापडायचा नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे आणि व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिणे, नव्हे बोलून लिहवून घेणे, साठीच्या शेतकऱ्यालाही जमते. मात्र फाईल म्हणजे काय, ती कोठे साठते, तिचे नाव का बदलते, एका संगणकावर नीट दिसणारा अर्ज दुसऱ्यावर का विस्कटतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दुसरा नवशिका असा, की त्याच्याकडे संगणक परीक्षेचे प्रमाणपत्र असते, पण घरी संगणक नसतो. परीक्षेपुरती शिकलेली बटणे तो वर्षभरात विसरतो आणि नोकरीत पहिल्या दिवशी पुन्हा पाटी कोरी घेऊन बसतो. या दोघांची अडचण वेगळी असली, तरी एका बाबतीत ते सुदैवी आहेत, ती म्हणजे त्यांना जुन्या सवयी मोडायच्या नाहीत. वीस वर्षे एकाच संचावर काम केलेल्या अव्वल कारकुनाला नव्या संचाकडे वळवणे जितके कठीण, तितके नवशिक्याला पहिल्यापासून त्यावर बसवणे सोपे असते, आणि म्हणूनच हे पुस्तक त्या अव्वल कारकुनासाठी लिहिलेले नाही.

‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा प्रणालीच्या मूळ लिखाणाशी संबंधित आहे. कोणतीही संगणकप्रणाली माणसाला वाचता येईल अशा सूचनांच्या स्वरूपात आधी लिहिली जाते. या लिखाणाला स्रोत म्हणतात आणि त्यापासून संगणकाला चालवता येईल असे रूप तयार केले जाते. मालकीच्या प्रणालीत कंपनी स्रोत स्वतःकडे ठेवते आणि ग्राहकाला केवळ वापरण्याचा परवाना देते. मुक्तस्रोत प्रणालीत स्रोत सर्वांसाठी खुला असतो आणि तो वाचण्याचा, बदलण्याचा, प्रती काढून वाटण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा करून या विचाराला चळवळीचे रूप दिले. ‘मुक्तस्रोत’ हे नाव मात्र १९९८ मधले. लिबरऑफिसची वंशावळ जर्मनीतील ल्यूनेबर्ग येथे मार्को ब्योरीस याने उभारलेल्या स्टार डिव्हिजन कंपनीपर्यंत जाते. ती कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, २००० च्या ऑक्टोबरात स्टारऑफिसचा स्रोत ओपनऑफिस या नावाने खुला झाला, २०१० च्या प्रारंभी सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनेक कार्यकर्त्यांनी वेगळे होऊन ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ आणि लिबरऑफिस यांची घोषणा केली. या इतिहासातून नवशिक्याने एवढेच घ्यावे, की मालक दोनदा बदलले तरी प्रणाली बुडाली नाही, कारण तिचा स्रोत लोकांच्या हाती होता.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण पहिला मुद्दा किमतीचा मांडतात आणि तेथेच त्यांचे गणित चुकते. मालकीच्या संचासाठी हजारो रुपये मोजावे लागतात, तर लिबरऑफिस विनामूल्य मिळते, हे खरे असले तरी ज्याने आयुष्यात कधी परवान्याचे पैसे भरले नाहीत, त्याच्या दृष्टीने दोन्ही संच सारखेच फुकट असतात. जोडणी करून विकलेल्या संगणकात चोरीची प्रत घालून देणे ही अनेक ठिकाणी रूढ झालेली रीत आहे, आणि ती प्रत घेणाऱ्याला आपण काही गैर करत आहोत याची पुष्कळदा कल्पनाही नसते. म्हणून नवशिक्यापुढे बचतीचा हिशेब मांडण्याऐवजी चोरीच्या प्रतीचे तोटे मांडणे अधिक उपयोगाचे ठरते : ती प्रत सक्रिय करण्यासाठी चालवलेल्या छोट्या प्रणालीतून विषाणू शिरतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि मार्चअखेरीला, ऐन लेखापरीक्षणाच्या तोंडावर, पडद्यावर परवान्याची लाल पट्टी येऊन बसते. ग्रामपंचायत, शाळा किंवा पतसंस्था यांसारख्या नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत तर हा स्वामित्वहक्काच्या कायद्याचा भंग आहे आणि त्याची जबाबदारी पदाधिकाऱ्यांवर येते. किमतीचा मुद्दा लागू पडतो तो येथे, कारण कायदेशीर व्हायचे ठरवले की मगच किंमत दिसू लागते.

मालकीच्या संचाची सवय मराठी माणसाला कशी लागली, याचे उत्तर महाराष्ट्रातील संगणकशिक्षणाच्या इतिहासात आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे एमकेसीएलने, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यांपर्यंत आणि मोठ्या बाजारगावांपर्यंत पोहोचवला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हतेची अट आल्यावर त्याचे प्रमाणपत्र घेणे हा मराठी तरुणाच्या चरित्राचाच भाग झाला. ज्या काळात खेड्यातील मुलामुलींना माउस हाती धरण्याची दुसरी सोय नव्हती, त्या काळात या केंद्रांनी केलेले काम मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या शिक्षणातून ‘वर्डमध्ये अर्ज कर’, ‘एक्सेलमध्ये यादी कर’ अशी भाषा रुळली, लेखनप्रणालीचे आणि एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव एकच झाले, आणि उत्पादन बदलले की आपले शिक्षण वाया जाईल अशी भीती मनात बसली.

ही भीती निराधार आहे, याचा पुरावा शासनाच्याच नियमांत सापडतो. राज्य शासनाच्या भरतीसाठी संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटीबरोबर केंद्र शासनाच्या डोएक संस्थेचा, म्हणजे आजच्या नायलिटचा, सीसीसी हा अभ्यासक्रमही ग्राह्य धरला जातो. आणि या सीसीसीच्या २०१९ मध्ये सुधारलेल्या पाठ्यक्रमात लेखन, तक्ते आणि सादरीकरण हे तीनही भाग लिबरऑफिसच्या आधारे शिकवायचे आहेत. नायलिटचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आहे, म्हणजे घनसावंगीपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. शासकीय नोकरीची अट लिबरऑफिस शिकून पुरी होऊ शकते, ही गोष्ट तालुक्यातील विद्यार्थ्यांना ठाऊक नसावी, हे माहिती देणाऱ्यांचे अपयश म्हटले पाहिजे. धोरणाच्या पातळीवर तर वाट त्याआधीच मोकळी झाली होती : केंद्र शासनाने ई-प्रशासनातील खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० मध्ये आणि मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारण्याचे धोरण मार्च २०१५ मध्ये जाहीर केले. धोरण दिल्लीत आणि चोरीची प्रत गल्लीत, अशी मधल्या काळाची स्थिती आहे.

शिकण्याचे साहित्यही मराठीत उपलब्ध आहे. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली केंद्र शासनाच्या साहाय्याने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिसच्या लेखन, तक्ते, सादरीकरण इत्यादी भागांवर सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ तयार झाले असून त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केलेले आहे. या पाठांची रचना विचारपूर्वक केलेली आहे. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष लिबरऑफिस उघडून, पाठात दाखवलेली कृती थांबत थांबत स्वतः करून पाहायची, अशी ती पद्धत आहे, त्यामुळे शिक्षक हजर नसतानाही काम अडत नाही. आवाज मराठी असला तरी चित्रातील पडदा इंग्रजीच असतो, ही त्यातील उणीव वाटेल. पण तालुक्यात मदत करणारा शेजारीही ‘फाईलमध्ये जा, सेव्ह ॲज कर’ असेच सांगणार असल्यामुळे कानावर मराठी आणि डोळ्यांपुढे इंग्रजी ही सांगड व्यवहारात सोयीची ठरते. लिबरऑफिसचा मराठी पडदाही मिळतो. ज्याला इंग्रजी अक्षरे जड जातात त्याने तो जरूर घ्यावा, मात्र आसपास त्याच पडद्यावर काम करणारा दुसरा कोणी आहे का, हे आधी पाहावे.

नवशिक्याला मदत करणाऱ्याची खरी कसोटी मराठी अक्षरांपाशी लागते आणि या पुस्तकाने त्या विषयाला सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे, ते योग्यच आहे. संगणकावर मराठी दिसण्याचे दोन मार्ग आजही एकाच वेळी चालू आहेत. पहिला जुना मार्ग कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांचा. यात संगणकाच्या दृष्टीने साठवलेला मजकूर रोमन अक्षरांचाच असतो आणि फाँट केवळ त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तेथे तोच अर्ज निरर्थक रोमन अक्षरांची रांग बनून उघडतो. दुसरा मार्ग युनिकोडचा. यात प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला जगभर मान्य असा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे, देवनागरीला तो १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो, त्यात शोध घेता येतो, याद्या अकारविल्हे लावता येतात. ई-फेरफार आणि संगणकीकृत सातबारा यांमुळे महसूल खात्यात युनिकोड रुळले. डीटीपीच्या दुकानांत, वकिलांच्या टंकलेखकांकडे आणि छापखान्यांत मात्र जुने फाँट अजून तळ ठोकून आहेत, कारण तेथील हात टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेले आहेत आणि मराठीत मिनिटाला ३० शब्दांची गती त्यांनी त्याच मांडणीवर कमावलेली आहे.

आता लिबरऑफिस घातल्यावर कृतिदेवातील जुनी फाईल बिघडलेली दिसली, की ‘हे फुकटचे सॉफ्टवेअर मराठी चालवत नाही’ असा निकाल तत्काळ दिला जातो. वास्तविक त्या संगणकावर फाँट नसतो, एवढेच. फाँट घातला की फाईल पूर्ववत दिसते, मग ती कोणत्याही संचात उघडा. हा आरोप चुकीचा आहे, असे सांगून मात्र भागत नाही. मदत करणाऱ्याने जुन्या फाईली युनिकोडमध्ये बदलून देणारा परिवर्तक हाताशी ठेवावा, बदललेला मजकूर ओळीओळीने तपासावा, विशेषतः जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्या’सारखे आकार, आणि मगच तो सुपूर्द करावा. नव्याने टंकन शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट मांडणी शिकावी, अशी या पुस्तकाची शिफारस आहे. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेली ही मांडणी प्रत्येक संगणकात आधीपासून असते, तिच्यात स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात आणि एकदा मराठीसाठी शिकली की हिंदीसाठी वेगळी शिकावी लागत नाही. ज्याला तेवढा धीर नाही, त्याने मोबाइलवर बोलून मजकूर लिहवून घेऊन तो संगणकावर पाठवला तरी चालते. तो मजकूर युनिकोडच असल्यामुळे लिबरऑफिसात जसाच्या तसा उतरतो, आणि ही युक्ती तालुक्यातील लोकांनी कोणी न शिकवता शोधलेली आहे.

लिबरऑफिसच्या स्वतःच्या काही खोडीही येथे सांगितल्या पाहिजेत. ही प्रणाली देवनागरीची गणना जटिल लिप्यांत करते, म्हणजे जेथे अक्षरे एकमेकांत मिसळून नवे आकार धारण करतात अशा लिप्यांत, आणि अशा लिपीचा फाँट व त्याचा आकार ती रोमन फाँटपासून वेगळा नोंदवते. परिणामी, एकाच ओळीतील इंग्रजी शब्द मोठा झाला आणि मराठी तसाच राहिला, असा गोंधळ नवशिक्याला भेडसावतो. पर्यायांच्या खिडकीत भाषाविषयक भागात जाऊन जटिल लिपीची सोय चालू करणे, तिची भाषा मराठी निवडणे आणि मूळ शैलीतच दोन्ही फाँट ठरवून ठेवणे, एवढे पहिल्याच दिवशी करून दिले तर हा त्रास टळतो. अक्षरजुळणीबाबतची जुनी कुरकूर मात्र आता बरीच शिळी झाली आहे, कारण फेब्रुवारी २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रकारच्या संगणकांवर हार्फबझ हे एकच मुक्तस्रोत जुळणीयंत्र वापरले जाते. फाँटांची वाण नाही : रेड हॅट कंपनीने खुला केलेला आणि तिच्या पुण्यातील चमूने सांभाळलेला लोहित, मुंबईच्या एक टाइप या समूहाचा मुक्ता, हे दोन्ही मुक्त परवान्याचे फाँट कार्यालयीन कामाला पुरेसे आहेत. शुद्धलेखन तपासण्यासाठी शंतनू ओक यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परिश्रमाने उभा केलेला मराठी शब्दकोश जोडता येतो. तो परिपूर्ण नाही, सामासिक शब्दांपुढे आणि प्रत्यय लागलेल्या रूपांपुढे तो पुष्कळदा अडखळतो, तरी ‘विद्यार्थी’ आणि ‘कार्यालय’ यांतील नेहमीच्या चुका तो पकडतो.

शैली या संकल्पनेवर पुस्तकात जो भर आहे, त्याला याच तालुक्यातील एक जुना आधार आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे : अक्षर वाटोळे व सुटे असावे, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सर्व लेखन एकाच टाकाने केल्यासारखे सारखे दिसावे, पानाच्या भोवती जागा सोडावी, असा तपशील त्यांनी त्यात सांगितला आहे. संगणकाच्या भाषेत यालाच समास ठरवणे आणि परिच्छेदशैली लावणे म्हणतात. नवशिका प्रत्येक मथळा हाताने ठळक करतो, जागा भरण्यासाठी स्पेसबार दाबत राहतो आणि पुढच्या पानावर जाण्यासाठी एंटर ठोकत बसतो. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर विस्कटणारच, मग संच कोणताही असो. मथळा, उपमथळा, मजकूर यांच्या शैली एकदा ठरवून लावल्या, तर दस्तऐवज एका हाताचा दिसतो आणि एका संचातून दुसऱ्यात नेताना टिकतो. संचांतर करताना ‘फाईल बिघडली’ अशा ज्या तक्रारी येतात, त्यांतील मोठा भाग प्रणालीचा नसून या हातघाईच्या लेखनाचा असतो, असे पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

उरलेल्या तक्रारी खऱ्या असतात, त्यांची कारणे फाईलच्या स्वरूपात सापडतात. लिबरऑफिस आपला मजकूर ओपन डॉक्युमेंट या स्वरूपात साठवते. २००५ मध्ये ओॲसिस या मानकसंस्थेने आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते मान्य केले असून त्याची रचना कोणालाही वाचता येते, म्हणून पन्नास वर्षांनी कोणतीही कंपनी उरली नाही तरी ती फाईल उघडण्याची प्रणाली नव्याने लिहिता येईल. मायक्रोसॉफ्टचे २००७ पासूनचे डॉकएक्स व एक्सएलएसएक्स हे स्वरूपही २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यासाठीच्या मतदानात भारताने विरोधी मत दिले होते, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. लिबरऑफिस ही स्वरूपे उघडते आणि त्यांत साठवतेही, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांत, चौकटींत आणि आकृत्यांत थोडा फरक पडतो. पंचायत समितीकडून व्हॉट्सॲपवर आलेले प्रपत्र भरून त्याच स्वरूपात परत पाठवायचे असेल, तर नवशिक्याने तत्त्वाचा हट्ट न धरता ते एक्सएलएसएक्समध्येच साठवून पाठवावे. स्वतःची मूळ प्रत ओपन डॉक्युमेंटमध्ये ठेवावी. आणि ज्याच्यात कोणी बदल करायचा नाही, ते पीडीएफ करून द्यावे. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ काढण्याचे बटण समोरच असते, इतकेच नव्हे तर त्या पीडीएफच्या पोटात मूळ फाईलही ठेवून देता येते, म्हणजे वाचणाऱ्याला पीडीएफ दिसते आणि लिबरऑफिस असलेल्याला तीच पुन्हा दुरुस्त करता येते. या सोयीचा वापर व्हायला हवा तेवढा होत नाही.

एका ठिकाणी मात्र लिबरऑफिसची बाजू दुबळी आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातील तंत्रस्नेही शिक्षकांनी निकालपत्रके, वेतनपत्रके, आयकराचे हिशेब यांसाठी एक्सेलमध्ये मोठ्या कसबाने तयार केलेले तयार तक्ते शिक्षकांच्या गटांतून फिरत असतात. त्यांतील साधी सूत्रे लिबरऑफिसात चालतात, परंतु ज्यांत मॅक्रो आहेत, म्हणजे ठराविक कृती आपोआप करून घेण्यासाठी लिहिलेल्या छोट्या आज्ञावली आहेत, ते काही वेळा अर्धवट चालतात किंवा अडतात. मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रोभाषेला लिबरऑफिस काही प्रमाणातच समजून घेते. अशा शिक्षकाला संच बदला म्हणून सांगण्याआधी त्याच्या तक्त्याचे मुक्तस्रोत रूप तयार करून देण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते, आणि ती पेलता येत नसेल तर त्या एका कामासाठी जुना संच राहू द्यावा, हाच प्रामाणिक सल्ला होय.

बाहेरच्या जगातील अनुभवही बदल टप्प्याटप्प्याने करण्याच्या दिशेने बोट दाखवतात. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन पुढील दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर नेले आणि २०१७ मध्ये तेथील परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. या प्रयोगाचे यश किती आणि राजकारण किती, यावर वाद आहे, पण राजकीय पाठबळ हटले की तांत्रिक काम एकटे टिकत नाही, एवढे त्यातून दिसते. फ्रान्सच्या जाँदार्मेरी या पोलीसदलाने उलट क्रम धरला : २००५ मध्ये विंडोज तसेच ठेवून केवळ कार्यालयीन संच बदलला, मग ब्राउझर आणि ईमेल, आणि हात बसल्यावर २००८ पासून संगणकाची मूळ कार्यप्रणाली बदलायला घेतली, हे संचांतर टिकले. श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे ठरवले, तेव्हाही आरंभ कार्यालयीन संचापासूनच केला. भारतात केरळने शाळांपासून सुरुवात केली. आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून तेथील मुले पहिल्यापासून मुक्तस्रोत प्रणालींवरच शिकली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘बदल’ हा शब्दच लागू होत नाही. महाराष्ट्राशी जवळचा दाखला ई-कोर्ट प्रकल्पाचा आहे : सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्तस्रोताची निवड केली, खटल्यांच्या नोंदींची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केली आणि जिल्हा व तालुका न्यायालयांतील न्यायाधीश व कर्मचारी यांना उबंटू लिनक्सचे प्रशिक्षण दिले गेले. तालुक्याच्या न्यायालयातील लिपिक जे शिकतो, ते तालुक्याच्या शाळेतील लिपिकाला शिकता येणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

या सर्वांचा विचार करून पुस्तकाने फ्रेंच क्रम स्वीकारला आहे. विंडोज असेल तर ते राहू द्यावे आणि त्यावर लिबरऑफिस घालावे. विंडोज १० चा सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे ज्या जुन्या संगणकांवर पुढची आवृत्ती चालत नाही, त्यांच्यापुरता लिनक्सचा विचार शेवटच्या प्रकरणात केला आहे. लिबरऑफिसची स्थापनफाईल सुमारे साडेतीनशे एमबीची असून ती एकदा पेनड्राइव्हवर घेतली की इंटरनेटशिवाय हव्या तितक्या संगणकांवर घालता येते, खाते उघडावे लागत नाही, आणि असे वाटणे हा गुन्हा नसून परवान्याने दिलेला अधिकार आहे. पुस्तकातील प्रकरणे मेनूच्या क्रमाने न लावता कामांच्या क्रमाने लावली आहेत, म्हणजे आधी अर्ज, मग नोटीस, मग यादी, मग यादीवरून प्रत्येक सभासदाच्या नावाचे पत्र, मग हिशेब. मेनूतील प्रत्येक बटण समजावणारी पुस्तके कपाटात राहतात. वीज गेली तर काय, हा प्रश्न मात्र पहिल्याच प्रकरणात घेतला आहे, कारण भारनियमनाच्या पट्ट्यात काही मिनिटांनी आपोआप साठवण्याची सोय लावणे हे ठळक अक्षरांपेक्षा महत्त्वाचे आहे.

तालुक्यात हे पुस्तक कोणाच्या हाती पडावे, याविषयीही एक अपेक्षा आहे. नवशिका अडतो तेव्हा तो पुस्तक उघडत नाही, जवळच्या माणसाला विचारतो. आणि तो माणूस बहुधा आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक परिचालक, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानाचा चालक, तंत्रस्नेही शिक्षक किंवा महाविद्यालयात शिकणारी गल्लीतील मुलगी असते. या चौघांपैकी एकाला लिबरऑफिस येत असेल तर गावातील दहा जण ते वापरतील, आणि एकालाही येत नसेल तर कोणतेही धोरण किंवा पुस्तक उपयोगी पडणार नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मदत करणाऱ्यासाठी वेगळ्या सूचना दिल्या आहेत, ज्यांतील सर्वांत महत्त्वाची अशी, की माउस शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्यावा. मदतनिसाने स्वतः झटपट करून दाखवलेले काम नवशिका पाहतो, पण शिकत नाही. चुकीची फाईल पुसली गेली तरी परत आणता येते, हे पहिल्या बैठकीतच त्याच्याकडून करून घ्यावे, म्हणजे हात धीट होतो.

वाचकाने पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी स्वतःच्या कामातील एक कागद निवडावा, मग तो मागच्या ग्रामसभेची नोटीस असो, वर्गाचा हजेरीतक्ता असो की मोसंबीच्या विक्रीचा हिशेब, आणि पुस्तकातील उदाहरणांच्या जागी तोच वापरावा. जुना संच काढून टाकण्याची घाई करू नये. दोन्ही संच एकाच संगणकावर विनातक्रार राहतात.